धुऊन परत आलेली गाडी

बोरी, १८ जून २०२४

माऊली,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. वाचायचं तर वाच, नाहीतर चुलीत घाल. तिकडं भोसरीत तुझ्या खोलीवर चूल नसेल, तर जे काही असेल त्यात घाल.

पत्ता धम्मपालनं दिला. वहिनीला देऊ नको असं तू त्याला बजावलं होतंस, हेही त्यानंच सांगितलं. त्याच्या पोटात काही राहत नाही हे तुला शाळेपासून ठाऊक, तरी पत्ता दिलास तो त्यालाच. आता तुझ्या मनात काय होतं ते तुझं तू जाण. फोन तर तू बंदच करून टाकलास.

मी आपणहून लिहीत नाही. तुझी माय सांगते म्हणून लिहिते. ती रोज गिरणीच्या उंबऱ्यावर येऊन बसते आणि दळणाला आलेल्या बायकांच्या देखत विचारते, "माऊलीचं काई कळलं का गं?" मग मी बटण दाबते. गिरणी सुरू झाली की ऐकू आलं नाही असं दाखवता येतं.

तिला तू हवा आहेस. मला तू नको आहेस, हे सरळच लिहिते. तुझ्यासाठी पूर्णेला मुलगी बघायला गेलात तिघं जण, तू, तुझे दादा आणि माय. परत आलात दोघं. झरीच्या अलीकडच्या उतारावर पुढं उसाची ट्रॉली उभी होती आणि तू गाडी डावीकडं घालून बाभळीवर नेलीस. डावीकडं कोण बसलं होतं ते मी तुला सांगायला नको. ब्रेक लागलाच नाही असं तू पोलिसांना सांगितलंस, त्यांनीही गाडी बघून तसंच लिहिलं आणि प्रकरण मिटवलं. पण गल्लीचं मिटलं नाही. लोक म्हणतात, आदल्या आठवड्यापर्यंत तर आम्ही सगळ्यांनी गाडी नेली होती, कुणाला काही झालं नाही, मग ह्याच्याच हातात ब्रेक कसा गेला? म्हणतात, चालवणाऱ्याचा हात आपली बाजू वाचवतोच.

नीलमच्या तोंडात तर हे वाक्य बसलंय. "काकानं स्वतःची बाजू वाचवली." बारावीचं वर्ष आहे तिचं, पुस्तक उघडून बसते आणि पान उलटत नाही. तुझी क्रिकेटची बॅट तिनं भंगारवाल्याला देऊन टाकली. मी तिला अडवलं नाही. तू पाचवीत होतास तेव्हा मी या घरात आले, तुझे शर्ट मी धुतले, तुझ्या मार्कशीटवर दादांची सही मी मागून घ्यायची. आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू मला तोंड न दाखवता निघून गेलास. ज्याच्या मनात काही नसतं तो असा जातो का?

मायचं म्हणणं आहे की मार्गशीर्षात वर्षश्राद्धाला तू यावंस. यांना मुलगा नाही, पिंड द्यायचा तर भावानंच. निरोप पोचवला, माझं काम झालं.

शिवकन्या


बोरी, २६ जुलै २०२४

माऊली,

तुझं उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. आज लिहिते आहे ते मायच्या सांगण्यावरून नाही.

काल दुपारी धम्मपाल गहू घेऊन आला. दळण झालं, डबा भरला, तरी पठ्ठ्या जाईना. पिठाच्या धुरळ्यात उभा. मी म्हटलं, "काय रे, अजून काही राहिलं का?" तर म्हणाला, "वैनी, एक सांगायचं हाय. पन तुमी रागावू नका."

त्याच्या मायला, सरजाबाईला, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला परभणीला न्यायला त्यानं आपली गाडी नेली होती ना, तुमच्या पूर्णेच्या आधी काही दिवस. त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहिते. "वैनी, ब्रेक दाबला तर पाय पार खाली जायला होता. धरतच न्हाई. दोनदा पंप केलं की मंग धरायचा. मी तर सगळ्या रस्त्यानं तिसऱ्या गेअरच्या वर गेलोच न्हाई. माय इचारायली, एवढं हळू का चालवायलास, तर तिला म्हनलं तुझ्या डोळ्याला धक्का बसू नये म्हनून."

मी विचारलं, "मग घरी आल्यावर सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगावं? दादा म्हनले असते, माझी चांगली गाडी नेली अन् ब्रेक घालवून आनला."

आणि मग खाली बघत म्हणाला, "मागच्या चाकाला आतून वल आलती. तेलकट. मी म्हनलं चिखल असंल. हापशावर नेऊन घासून धुतलं अन् मंगच आनून लावली तुमच्या दारात."

आपल्या गल्लीचा हा रिवाज तुला सांगायला नको. चारचाकी एकच, आपली. कुणाची बाळंतीण अडली, कुणाचं साखरपुड्याचं सामान आणायचं, कुणाला साप चावला, की यांच्याकडून किल्ली न्यायची. यांनी कधी नाही म्हटलं नाही. डिझेल आपलं आपण टाकायचं आणि परत करताना गाडी धुऊन आणायची. हे कुणी ठरवलं माहीत नाही, पण पाळलं सगळ्यांनी. दुसऱ्याची वस्तू आहे, डाग राहायला नको, म्हणून लोक चाकंसुद्धा आतून घासून आणायचे. हे ओट्यावर बसून म्हणायचे, "बघ, नेली तवाच्यापेक्षा चकचकीत आनली." मलाही बरं वाटायचं.

धम्मपाल गेल्यावर मी गिरणी बंद करून नुसती बसून राहिले. त्या चाकाच्या आतल्या ओलीचा अर्थ गाडी दुरुस्त करणाऱ्या कुणालाही कळला असता. यांनाही कळला असता. पण यांच्या डोळ्यासमोर गाडी यायची ती धुतलेली.

गिरणीचा पट्टा सैल झाला की मला आवाजावरून कळतं, बायकांशी बोलत असले तरी कळतं. कारण गिरणी माझ्या एकटीच्या हाताखाली असते. गाडी दहा हातांत फिरायची.

याचा अर्थ तुला माफ केलं असा काढू नको. ब्रेक खराब असेलही, गाडी डावीकडं घालणारा हात तुझाच होता. पण मला आता झोप लागत नाही, आणि गल्लीत ज्यानं ज्यानं गाडी नेली त्याला मी विचारणार आहे.

शिवकन्या


बोरी, १४ ऑगस्ट २०२४

माऊली,

पंचमी झाली. नीलम झोक्याकडं फिरकली नाही. माय म्हणाली, "लेकीच्या जातीनं वरसाचा सन सोडू नये," तरी गेली नाही.

मी विचारत सुटलेय. दळणाला आलेलं माणूस दळण होईपर्यंत कुठं जात नाही, त्याचा मला फायदा. आधी सगळे म्हणतात, "न्हाई बा, गाडी एकदम ठीक होती." मी गिरणीत धान्य सोडत राहते. मग हळूच एकेक बाहेर येतं.

गल्लीतल्या परमेश्वरनं पोराच्या लग्नाचा बस्ता आणायला नेली होती. ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढायची, स्टिअरिंग धरून ठेवावं लागायचं, म्हणतो. शाळेतल्या राजेश्री मॅडमच्या नवऱ्यानं त्यांना जिंतूरला सोडलं तेव्हा समोर लाल दिवा लागलेला मॅडमना दिसला होता. हँडब्रेक राहिला असेल म्हणून नवऱ्यानं तो खालीवर करून बघितला, दिवा काही विझला नाही. उतरताना मॅडम म्हणाल्या की रंगनाथरावांना सांगा, तर नवरा म्हणाला, "तू गप बस, आपल्याला पुन्यांदा गाडी लागत न्हाई का?" तो लाल दिवा मीही बघितला होता, माऊली. विचारलं तर हे म्हणाले, "जुन्या गाडीचे दिवे असेच लागत राहतेत." मला गाडीतलं काय कळतं, मी गप्प बसले.

असं एकाकडं पायाखालचं, दुसऱ्याकडं हाताखालचं, तिसऱ्याच्या डोळ्यांपुढचं. कुणी एकानं तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. आणि ही माणसं वाईट नाहीत, हेच मला सहन होत नाही. यांना खांदा देताना परमेश्वर लहान पोरासारखा रडत होता.

शेवटी आश्रुबा मामांना धरलं. ते आधी म्हणाले की मला काही आठवत नाही. मग मी म्हटलं, "मामा, तुम्ही सगळ्यांत म्हातारे, तुम्ही तरी सांगायचं होतं." तेव्हा ते भडकलेच.

"मी सांगितलं होतं! चार साल झाले त्याला. बैलपोळ्याच्या दिवशी, मारुतीच्या पारावर. म्हनलं, रंगनाथ, गाडीतून जळका वास यायलाय, मिस्त्रीला दाखव. काय बोलला म्हाईत हाय का तुझा नवरा? समद्या गावापुढं म्हनला, 'मागून न्यायची अन् वरून नावं ठेवायची? तूच जाळून आनलास अन् आता मलाच शिकवायलास?' मी तुझ्या सासऱ्याच्या बरोबरीचा मानूस. खाली मान घालून घरला आलो. त्या दिवसापासून आख्ख्या गावानं कानाला खडा लावला. गाडी न्यायची, धुऊन आनायची, अन् किल्ली देऊन गप निघायचं."

मला तो पोळा आठवला. हे पारावरून तरातरा घरी आले होते आणि जेवताना म्हणाले होते, "लोकाला गाडी द्या अन् वर त्याहीचं ऐकून घ्या." असे होते तुझे दादा. द्यायला हात सैल, पण दिलेल्या वस्तूत कुणी खोट काढली की डोक्यात राख. गाडीला नाव ठेवलं की यांना वाटायचं आपल्यालाच ठेवलं. मी एकवीस वर्षं संसार केला, मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण स्वभावापायी माणूस जातो हे कुठं ठाऊक होतं?

नीलमला यातलं काही सांगितलेलं नाही. तिचा बाप गेलाय, निदान तो होता तसा तिच्याकडं राहू दे. तुला सांगते, कारण तू त्यांच्या हाताखाली वाढलास. तुझ्या जागी दुसरा असता तर मी आजपर्यंत एवढा राग धरला नसता.

मुलगी बघायला ज्यांच्याकडं निघाला होतात, त्या पूर्णेच्या मुलीचं लग्न झालं म्हणे वैशाखात. रेल्वेतला मुलगा आहे.

शिवकन्या


बोरी, ६ ऑक्टोबर २०२४

माऊली,

हे पत्र लिहू नये असं वाटत होतं, पण न लिहिता राहवत नाही.

गिरणीचा पट्टा आणायला जिंतूरला गेले होते. जाता जाता नागसेन मिस्त्रीच्या गॅरेजवर गेले. मला एवढंच विचारायचं होतं की ती ओल, तो दिवा, पाय खाली जाणं, हे सगळं एकाच दुखण्याचं होतं का. तो म्हणाला, एकाच. चाकाजवळून ब्रेक ऑइल गळत होतं. तेल कमी झालं की आधी दिवा लागतो, मग ब्रेक नरम होतो, मग दोनदा दाबावा लागतो, आणि एक दिवस कितीही दाबला तरी लागत नाही. "ह्याच्यातलं एक जरी दिसलं तरी गाडी जाग्यावर हुबी करायची अस्ती वैनी, तिथून पुढं मिस्त्री आन्ल्याबिगर हलवायची न्हाई."

मी म्हटलं, "यांना कुणी सांगितलंच नाही हो."

तर तो म्हणाला, "माऊलीला म्हाईत होतं की. त्यानं मला फोन केला होता, निघायच्या आदल्या सांजंला. चाकाखाली वल दिसायली म्हनला, ब्रेक पंप करावा लागायलाय. मी म्हनलं, हलवू नको, सकाळी मी येतो. सकाळी आलो तर तुमच्या घराला कुलूप, दारात गाडी बी न्हाई. मला वाटलं दुसऱ्या मिस्त्रीनं येऊन नीट केली अन् गेले." त्या सकाळी मी गिरणीवर होते आणि नीलम क्लासला.

माऊली, मी तिथून स्टँडपर्यंत कशी आले ते मला आठवत नाही.

धम्मपालला अर्धंच कळलं होतं. परमेश्वरला त्याहून कमी. त्यांना मी मनातून माफ करत आले होते. तुला पूर्ण कळलं होतं. तुला मिस्त्रीनं सांगितलं होतं की हलवू नको. आणि तू त्या गाडीत स्वतःच्या मायला बसवलंस, भावाला बसवलंस आणि परभणीच्या रस्त्याला लागलास. मुलगी बघायची एवढी घाई होती का रे? गाडीत बसून मिरवायचं होतं का?

मी गेले काही महिने गावभर हिंडत होते ते कशासाठी, ते आता कळतंय. मला तुझ्यावरचा राग काढून टाकायचा होता. म्हणून लोकांच्या चुका गोळा करत होते, त्यांच्याखाली तुझी दबून जाईल म्हणून. तशी ती दबली नाही.

वर्षश्राद्धाला येऊ नको. मायला मी सांगेन. पिंड नीलम देईल. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. तू मात्र या उंबऱ्याला पाय लावू नको.

शिवकन्या


बोरी, ३० नोव्हेंबर २०२४

माऊली,

मागचं पत्र तुझ्याकडं असेल तर फाडून टाक. नको, फाडू नको. मी लिहिलंय ते मी लिहिलंय. पण त्याच्या पुढं हे वाच, आणि सगळं वाचून होईपर्यंत उठू नको.

तू येणार नाहीस असं मी मायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही. तिनं जेवण टाकलं. भाकरी कुस्करायची आणि तशीच कुत्र्याला घालायची. मी चिडले. म्हटलं, ज्यानं जाणूनबुजून बिनब्रेकची गाडी चालवली त्याच्यासाठी उपाशी मरायचं का? मिस्त्रीनं सांगितलेलं सगळं तिला ऐकवलं. ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजरी दळत होते. ती काठी टेकत आली आणि म्हणाली, "बंद कर ते. मला वरडून न्हाई सांगायचं."

मी बटण बंद केलं. बायकांना तिनं हातानंच बाहेर जा म्हणून खुणावलं. पिठाच्या पोत्यावर बसली आणि बोलली. तिचं मध्ये मध्ये थांबणं मला लिहिता येत नाही, बाकी जसं बोलली तसं लिहिते.

"माऊलीनं सांगितलं होतं. निघतानाच सांगितलं. दादा, ब्रेक न्हाई, मिस्त्री येनार हाय, आपन यस्टीनं जाऊ. रंगनाथ म्हनला, 'पोरीवाले बघतेत, पोरगं गाडीत आलं का यस्टीत. तुला बाप न्हाई, म्हनून काय तुला स्टँडवर उतरवून न्यायचं का? मी जित्ता असताना?' माऊली म्हनला, मला न्हाई फिकीर त्याची. तर रंगनाथ म्हनला, 'मला हाय.' त्याच्या पाठीत भरलं होतं, न्हाईतर त्योच चालवनार होता. म्हनला, 'तुला भेव वाटत आसंल तर उतर, मी चालवतो तसाच वाकडा होऊन.' तवा ह्यो बसला. त्याला एकट्याला कसं सोडावं म्हनून बसला."

मी विचारलं, हे तुम्ही मला का सांगितलं नाही. वर्ष होत आलं. तुमच्या डोळ्यांदेखत गाव त्याला बोलत होतं, नीलम बोलत होती, मी बोलत होते.

ती म्हणाली, "जित्याचं काय, त्यो कुटंबी कमवून खाईल. मेलेल्याला नावाबिगर काय राहिलंय? मी म्हनलं, रंगनाथचं नाव राहू द्यावं. दवाखान्यात माऊलीनं माझ्याकडं बघितलं होतं, पोलिस पुसायले तवा. मी मान हलवली. त्याला कळलं. लेकरानं तोंड न्हाई उघडलं मंग."

मला वाटलं संपलं. मी उठायला लागले तर माझा पदर धरला.

"अजून हाय. उतारावर ब्रेक लागंना. माऊली म्हनायला, दादा, लागंना, दादा, लागंना. म्होरं ती ट्रॉली, अन् ट्रॉलीच्या मागं उसतोडीच्या बाया बसलेल्या, एकीच्या मांडीवर लेकरू. पलीकडून यस्टी यायलेली. माऊलीनं गाडी रस्त्याच्या खाली त्याच्या आंगाला घालायला हात फिरवला, त्याच्या स्वतःच्या आंगाला. तिकडं त्या यस्टीत गेली असती. तवा रंगनाथ वरडला, 'माझ्याकडं घे! माऊल्या, माझ्याकडं घे!' मी मागं बसलेले, माऊलीच्या पाठीमागं. म्या माझ्या कानानं ऐकलं. अन् माऊलीनं घेतली."

तुला गाडी शिकवताना ते डावं-उजवं कधी म्हणत नव्हते. तुझ्याकडं घे, माझ्याकडं घे, असंच म्हणायचे. त्यांच्याकडं म्हणजे डावीकडं. त्यांच्याकडं म्हणजे बाभळीकडं. त्यांना समोर बाभळ दिसत होती माऊली, काचेतून दिसत होती.

मी मायला म्हटलं, निदान हे तरी सांगायचं. यानं तर त्यांचं नाव वर गेलं असतं. तर म्हणाली, "एक सांगितलं असतं तर दुसरं बी सांगावं लागलं असतं. ब्रेक न्हाई हे म्हाईत असताना बसलेच कशाला, असं लोकानं पुसलं असतं." आणि मग पहिल्यांदा रडली. यांना घरातून उचललं तेव्हाही ही बाई रडली नव्हती, तेव्हा मला तिचा राग आला होता.

तू का नाही सांगितलंस ते मी तुला विचारत नाही. सांगितलं असतंस तर मीच पहिली म्हणाले असते, मेलेल्या माणसाच्या नावावर ढकलतो आहे. तुझ्या तोंडून ते ऐकून कुणी विश्वास ठेवला असता? मी नसता ठेवला.

आता पुढचं. मी दोन दिवस विचार केला. मायसारखं मीही गप्प बसू शकले असते. नीलमच्या मनातला बाप आहे तसा ठेवता आला असता, फक्त त्यापायी तुला भोसरीतच ठेवावं लागलं असतं, कायमचं. यांनी केलं ते प्रेमापोटी केलं, हे मला मान्य आहे. तुला बाप नाही हे पूर्णेच्या लोकांना दिसू नये म्हणून त्यांनी हट्ट धरला. पण तो हट्ट तू वर्षभर पाठीवर वाहतो आहेस, आणि ते मला आता बघवत नाही.

काल संध्याकाळी नीलमला मागच्या ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. पोळ्याला पारावर काय झालं तेही सांगितलं. लोक का गप्प राहिले तेही. ती मध्येच म्हणाली, "पप्पांना नावं ठेवू नको." मी म्हटलं, ठेवत नाही, सांगते आहे. मग "माझ्याकडं घे" सांगितलं. ते ऐकताना तिनं माझा हात धरला.

मग म्हणाली, "म्हंजे पप्पाला कळलं होतं."

मी म्हटलं, हो. कळलं होतं.

"अन् काकाला बी कळलं होतं."

मी म्हटलं, हो.

ती उठली आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपली. रात्री जेवली नाही. सकाळी क्लासला जाताना दारात थांबली आणि मला म्हणाली, "काकाला रोज दिसत असंल ना गं ते?"

याचं उत्तर तुझ्याकडं आहे. तिला दे, खोटं सांगून समजूत काढू नको तिची. आमच्या घरात सगळ्यांनी एकमेकांचं मन राखलं आणि त्यात माणूस गेला.

वर्षश्राद्धाला ये. परमेश्वर, धम्मपाल, आश्रुबा मामा सगळे असतील. मी त्यांना माय काय बोलली ते सांगितलंय, मायच्याच पुढ्यात. आश्रुबा मामा उठून बाहेर गेले आणि रस्त्यातच बसले. तुझ्याशी कसं बोलावं हे कुणालाच समजणार नाही, तूच काहीतरी बोल.

तुझ्या दादांचं तू लहानपणापासून ऐकत आलास. बस म्हणाले, बसलास. माझ्याकडं घे म्हणाले, घेतलीस. मायनं मान हलवली, गप्प राहिलास. मी येऊ नको म्हणाले, तेही मुकाट्यानं ऐकून घेतलंस. यात तुझी चूक कुठं झाली ते मी रात्रंदिवस शोधते आहे बाळा, आणि मला ती सापडत नाही.

तुझी वहिनी
शिवकन्या